पंचांग, वेळापत्रक आणि समुद्र

खान्देशाला समुद्रकिनारा नाही, हे आपण शाळेत नकाशा काढतानाच शिकलो. यावल-रावेरच्या केळीच्या बागांतून पाहावे तर समोर सातपुडा उभा. धुळ्याहून साक्रीकडे जावे तर सह्याद्रीचे फाटे आडवे येतात. त्यामुळे समुद्र ही आपल्याकडे एकतर नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या मुलाने सांगायची गोष्ट, नाहीतर सिनेमाच्या पडद्यावर पाहायची. पंढरीची वारी केलेली, सप्तशृंगीचा गड चढलेली, पण साठी उलटली तरी समुद्र न पाहिलेली माणसे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत सापडतील. आणि त्यांत बायका अधिक असतील. कारण विचारले तर दोन उत्तरे ठरलेली. मोटार करायला पैसा नाही. आणि एवढ्या दूरचा बेत आखायचा कसा, हे कळत नाही.

यांपैकी दुसऱ्या अडचणीचे निवारण करणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे. ती दूर झाली की पहिलीही पुष्कळशी हलकी होते. माझे म्हणणे थोडक्यात असे की, यात्रा-उत्सवांचा आणि समुद्राचा आनंद घेऊ इच्छिणाऱ्या साध्या गृहस्थाजवळ दोन पुस्तके असली म्हणजे पुरे: एक पंचांग आणि दुसरे गाड्यांचे वेळापत्रक. उत्सव तिथीने येतो, समुद्राची भरतीही तिथीनेच येते, एस.टी. आणि रेल्वे मात्र घड्याळाने येतात. तिथी आणि घड्याळ यांची गाठ घालता आली की प्रवास आखता आला. वेळापत्रक आता पुस्तकाऐवजी हातातल्या फोनवर मिळते, हा फरक गौण आहे.

नदीने दाखवलेली वाट

खान्देशाला समुद्र नाही हे खरे. पण खान्देशाचे पाणी समुद्राचा रस्ता कधी चुकलेले नाही. बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावणारी तापी सुमारे सव्वासातशे किलोमीटर पश्चिमेकडे वाहत जाऊन सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. जळगावची गिरणा, धुळ्याची पांझरा, अमळनेरची बोरी या तिघी तापीला मिळतात. म्हणजे पांझरेच्या डोहात सोडलेली पणती न विझता, न अडकता वाहत राहिली, तर धरणे ओलांडून ती डुमस आणि हजिरा यांच्या मधल्या खाडीतच पोहोचायची.

रेल्वे बांधणाऱ्यांनीही हीच दिशा धरली. सुरत ते अमळनेर हा तापी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० सालापर्यंत पुरा झाला आणि त्याच सुमारास अमळनेर जळगावशी जोडले गेले. धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली आणि मग उधना-सुरत, अशी ही स्टेशनांची माळ आहे. जळगाव ते उधना हे अंतर सुमारे ३०७ किलोमीटर. हा मार्ग एकेरी होता तोवर गाड्या क्रॉसिंगसाठी तिष्ठत उभ्या राहत. २०१८ साली दुहेरीकरण पुरे झाले. वाटेतले नवापूर स्टेशन तर पाहण्यासारखे आहे. दोन राज्यांची हद्द या स्टेशनातूनच जाते, म्हणून एका टोकाला उभे राहिलेला प्रवासी महाराष्ट्रात आणि दुसऱ्या टोकाचा गुजरातेत असतो.

दुसरी वाट भुसावळ-जळगाव-चाळीसगाव-मनमाडवरून इगतपुरीचा घाट उतरून मुंबईला जाते. जळगाव ते मुंबई अंतर सुमारे ४२० किलोमीटर आहे. धुळे चाळीसगावला फाट्याने जोडलेले आहे, तोही १९०० सालचाच. धुळेकरांना मुंबईसाठी हा फाटा किंवा आग्रा रस्त्याने नाशिकवरून जाणारी एस.टी.; आणि सुरतेसाठी साक्री-नवापूरवरून जाणारी बस किंवा शिरपूर रस्त्यावरच्या नरडाण्याला जाऊन तापी मार्गाची गाडी.

उत्सवांचे वर्ष

समुद्राकडे जाण्यापूर्वी घरचे उत्सव पाहू. वर्षभर गाडीने जाऊन-येऊन पाहता येतील इतके ते आपल्याजवळ आहेत, आणि बहुतेक सर्व तिथीला बांधलेले आहेत.

चैत्रात धुळ्याला पांझरेच्या काठी एकवीरादेवीची यात्रा भरते. त्याच महिन्यात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत सप्तशृंग गडावर चैत्रोत्सव असतो आणि त्याला खान्देशातून हजारो माणसे पायी जातात. या दिवसांत खासगी वाहने नांदुरीला पायथ्याशीच थांबवतात आणि वर फक्त एस.टी. जाते. मोटार घेऊन आलेला सावकार आणि शिदोरी घेऊन आलेला मजूर तेथे एकाच गाडीत बसतात. वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांचा यात्रोत्सव: शुद्ध एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी, आणि कोरड्या बोरी नदीच्या वाळूत दुकाने.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई येते. हा उत्सव मैदानातला नाही, घरातला आहे. रोटांसाठी भाऊबंदकीतले सगळे एकत्र यावे लागतात, म्हणून त्या शनिवारी सुरत, नाशिक, मुंबईकडून खान्देशात येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात राहणारी खान्देशी माणसे आता तिकडेही कानबाई बसवतात.

कार्तिकी एकादशीला जळगावचा श्रीरामाचा रथ निघतो. हजारो हात दोर ओढतात, चाकांना मोगरी लावून वेग आवरणारे जाणते लोक जिवावर उदार होऊन काम करतात, आणि वाटेत लालशा बाबांच्या समाधीपाशी फुले वाहूनच रथ पुढे जातो. मार्गशीर्षात दत्तजयंतीपासून तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा आणि तिच्याबरोबर घोड्यांचा नावाजलेला बाजार. रेल्वेने दोंडाईचाला उतरावे आणि शहाद्याकडे जाणारी एस.टी. धरावी. महाशिवरात्रीला तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाची यात्रा. आणि ज्याला देवाच्या यात्रेपेक्षा सुरांची यात्रा प्रिय, त्याच्यासाठी जानेवारीत जळगावला बालगंधर्व संगीत महोत्सव असतो. बालगंधर्वांचे लहानपणीचे काही शिक्षण जळगावात झाले, त्याचे हे स्मरण.

हे सगळे उत्सव पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. एकादशी आणि पौर्णिमा या तिथी पुन्हा पुन्हा येतात. याच तिथी समुद्राच्याही आहेत.

भरती-ओहोटीचे गणित

समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. याचे मुख्य कारण चंद्राचे आकर्षण. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे जातात, म्हणून आजच्या भरतीपेक्षा उद्याची सुमारे पन्नास मिनिटांनी उशिरा येते. चंद्रोदय रोज जेवढा पुढे सरकतो, जवळजवळ तेवढाच. अमावास्या आणि पौर्णिमा या दिवसांत सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकाच रेषेत पडते. तेव्हा भरती फार मोठी आणि ओहोटीही फार खोल. याला कोकणात उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात पडते, तेव्हा पाणी बेताने चढते आणि बेताने उतरते. हे भांगाचे दिवस.

मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे. ती ज्याला पाऊणकी येते त्याला लगेच समजेल. शुद्ध किंवा वद्य, जी तिथी असेल तिची पाऊणपट करावी. येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे अकरा ते बाराच्या दरम्यान. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून निघण्याआधी छापील तक्ता किंवा वर्तमानपत्रातली वेळ पाहून घ्यावी. पण बेत आखायला रीत पुरेशी आहे.

तिची परीक्षा अलीकडेच साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. २०२५ साली अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. लालबागच्या राजाची मिरवणूक रात्रभर चालून ७ सप्टेंबरच्या सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचली. त्या दिवशी पौर्णिमा. पाऊणकीप्रमाणे भरती अकरा-साडेअकराला, तीही उधाणाची. पाणी चढत गेले, मूर्ती तराफ्यावर घेता येईना, आणि विसर्जन व्हायला रात्र झाली. लाखो लोकांनी दूरचित्रवाणीवर ताटकळत जे पाहिले, ते कोणत्याही पंचांगात आधीच लिहिलेले होते.

एक सहल आखून पाहू

आता ही दोन्ही पुस्तके एकत्र उघडू. समजा कार्तिकी एकादशीला आपण जळगावचा रथ पाहिला. रात्रीच्या गाडीने निघाले की सकाळी मुंबई. तो दिवस द्वादशीचा: बारा पाऊणे नऊ. म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास भरती पूर्ण होईल आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा तीन दिवसांवर आल्यामुळे पाणी चांगले मागे हटेल. अशा दिवशी कुठे जावे? अलिबागला.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून बेस्टच्या बसने गेट वे ऑफ इंडियाला यावे. तेथून मांडव्याला बोटी सुटतात; सुमारे तासाभराचा प्रवास. ज्याने कधी समुद्र पाहिला नाही त्याला किनाऱ्यावर उभे राहण्याआधीच समुद्रावरून जायला मिळते. काही बोटींच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतच्या बसचे भाडे धरलेले असते, ते तिकीट काढतानाच विचारावे. पावसाळ्यात या बोटी बंद असतात. कार्तिकात त्या चालू असतात. दुपारी अलिबागच्या किनाऱ्यावर पोहोचावे, जेवावे, आणि पाणी कसे मागे जाते ते स्वस्थ बसून पाहावे. समोर पाण्यात दिसतो तो कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात त्याचे बांधकाम सुरू झाले आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराने तो गाजवला. भरतीला तो बेट असतो. पूर्ण ओहोटीला माणसे चालत आत जातात. सकाळी आलो असतो तर जेथे पाणी पाहून परतलो असतो, तेथेच दुपारी वाळूवरून चालता येते. ही किमया पाऊणकीची.

मात्र येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे, कारण ती न पाळल्याने दरवर्षी किनाऱ्यांवर प्राण जातात आणि त्यांत आपल्यासारख्या आतल्या मुलखातली माणसे असतात. आपल्याला नदीचे पाणी कळते. नदीचा पूर वरून येतो, त्याचा आवाज होतो, आणि आपण काठाकडे धावतो. समुद्राची भरती अशी येत नाही. सपाट वाळूवर ती आधी सखल भाग भरून काढते, त्यामुळे पुढे कोरडे दिसत असताना मागची वाट पाण्याखाली गेलेली असते. म्हणून ओहोटीच्या वेळेआधी तासभर किल्ल्याकडे निघावे, वेळ टळली की लगेच परतावे, आणि स्थानिक माणूस 'आता नको' म्हणाला तर वाद घालू नये. पोहता येते या भरवशावर पाण्यात शिरू नये. तापीच्या डोहात पोहणे वेगळे आणि ओढत्या लाटेत पोहणे वेगळे.

संध्याकाळची बोट गाठली की रात्रीची गाडी मिळते आणि त्रयोदशीच्या सकाळी आपण घरी. दोन रात्री गाडीत, एक दिवस समुद्रावर. मुक्कामाचा खर्च नाही.

सुरतेकडचा समुद्र

तापीमार्गे गेलो तर समुद्र आणखी जवळ. सुरतेहून सुमारे वीस किलोमीटरवर डुमस आहे आणि तेथे शहराची बस जाते. येथली वाळू काळसर, पाणी गढूळ. आपल्याच नद्यांनी आणलेला गाळ त्यात आहे, हे आठवले म्हणजे तो गढूळपणा परका वाटत नाही. डुमसची टोमॅटोची भजी प्रसिद्ध आहेत. खंबातच्या आखाताच्या बाजूला भरतीची वेळ मुंबईपेक्षा मागे पडते, म्हणून पाऊणकी तेथे जशीच्या तशी लावू नये, तक्ताच पाहावा. ओहोटीला पाणी फार दूर जाते आणि मागे चिखल राहतो. त्यात चालत जाऊ नये.

एक मुक्काम वाढवता आला तर सुरतेहून रेल्वेने नवसारी आणि तेथून बसने दांडी. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी तेथे चिमूटभर मीठ उचलले. त्याच महिन्यात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधल्या एका शिक्षकाने नोकरीचा राजीनामा दिला आणि तो चळवळीत उतरला. ते सानेगुरुजी. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती उतरून घेणारेही सानेगुरुजीच होते. दांडीचे मीठ आणि धुळ्याचा तुरुंग यांत असे नाते आहे. शाळेच्या सहलीला यापेक्षा चांगला धडा कोणता?

पैशाची बाजू

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी एस.टी. प्रथम धावली. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत तिने खेड्यातल्या माणसाला जितका मुलूख दाखवला तितका दुसऱ्या कोणी दाखवला नसेल. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे पडते. १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांनाही निम्म्या भाड्यात प्रवास करता येऊ लागला. या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच आहेत, म्हणून सुरतेच्या बसमध्ये पुढचे भाडे पूर्ण द्यावे लागते, हे ध्यानात ठेवावे. शिवाय चार किंवा सात दिवसांचा 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' हा पास आहे. नाशिक, मुंबई आणि कोकण असा लांबचा फेरा करणाऱ्याला तो परवडतो. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये थांबवली गेली, तेव्हा रेल्वेचा खर्च धरताना ती गृहीत धरू नये.

स्त्रियांच्या निम्म्या भाड्याकडे केवळ हिशेब म्हणून पाहू नये. घरात चार माणसांचे भाडे जमत नसले की आई मागे राहते, असा आपला रिवाज होता. आता तिचेच तिकीट सर्वांत स्वस्त झाले आहे. तिला मागे ठेवण्याची सबब उरलेली नाही.

शेवटची गाडी

आतापर्यंत प्रवाशाने काय करावे ते सांगितले. उत्सव भरवणाऱ्यांनी काय करावे, हेही सांगणे भाग आहे.

संगीताची मैफल रात्री रंगते. भैरवीच्या आधी मागच्या रांगांतली माणसे एकेक करून उठू लागतात. त्यांना गाणे आवडले नाही असे नव्हे; धरणगावची, एरंडोलची, पारोळ्याची शेवटची गाडी निघायची असते. मोटारवाला भैरवी ऐकतो आणि एस.टी.वाला ती न ऐकताच जातो. एकाच उत्सवाचे असे दोन वर्ग आपण नकळत पाडतो. ऑक्टोबर २०२१ पासून २०२२च्या एप्रिलपर्यंत एस.टी.चा संप चालला, तेव्हा आठवड्याचा बाजार, कॉलेज आणि दवाखाना यांपासून खेडी कशी तुटतात ते आपण पाहिले. पाचोरा-जामनेरची छोटी रेल्वे २०२० साली थांबली, तेव्हा त्या वाटेवरच्या लोकांनाही हे कळले. गाडी नसली म्हणजे उत्सव असूनही नसल्यासारखाच.

उपाय अवघड नाही. निमंत्रणपत्रिकेवर आपण अध्यक्षांचे आणि पाहुण्यांचे नाव छापतो. त्याखाली शेवटच्या एस.टी.ची आणि रेल्वेची वेळ छापावी. कार्यक्रम त्या वेळेआधी अर्धा तास संपवावा. ते शक्य नसेल तर आगार व्यवस्थापकांकडे आधी अर्ज करून कार्यक्रमानंतर सुटणारी जादा गाडी मागावी. आषाढीला एका गावातून चाळीस वारकरी जमले तर एस.टी. त्या गावातून थेट पंढरपूरची गाडी देते. मग गाणे ऐकायला आलेल्या चाळीस रसिकांसाठी ती का मागू नये? मागणी होते तेथे गाडी येते, आणि गाडी भरून जाते तेथे ती टिकते. रिकामी धावणारी गाडी मात्र पुढच्या वेळापत्रकात दिसत नाही. आपण सार्वजनिक वाहनाने जातो तेव्हा आपली सहल स्वस्तात होते, हे तर आहेच; पण आपल्या मागून येणाऱ्याची गाडीही आपण राखून ठेवत असतो.

तेव्हा या उन्हाळ्याच्या सुट्टीत एवढे करावे. पंचांग उघडावे, द्वादशी-त्रयोदशी कधी आहे ते पाहावे. बोटी बंद होण्याआधीची तिथी निवडावी. रात्रीच्या गाडीची तिकिटे काढावीत. आणि घरातल्या, शेजारच्या, आळीतल्या ज्या वृद्ध बाईने आजवर समुद्र पाहिलेला नाही, तिचे तिकीट सर्वांत आधी काढावे.